अर्ध्या तासाचा रस्ता

"अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे, त्यासाठी आत्तापासून कशाला पोराचा जीव खायचा?" आई उशीवरून म्हणाली आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली.

"खाऊ दे मला! पोटभर खाऊ दे!" काडीने पाण्याचा पेला स्टुलावर असा आपटला की अर्धं पाणी गोळ्यांच्या पाकिटांवर सांडलं. "चार वर्षं झाली, आई. अर्ध्या तासावर राहतो आणि चार वर्षांत एकदा तोंड दाखवलं नाही दादाने. मी लावतो फोन. येऊ दे गुमान."

"लावून तर बघ! सुट्ट्या काय झाडाला लागतात त्याच्या? आत्ता आला, चार दिवस माझ्या तोंडाकडे बघत बसला, मी काही गेले नाही, की परत जाणार. मग खरी वेळ येईल तेव्हा साहेब सोडेल का त्याला? माझं होत आलं की लाव फोन. अर्ध्या तासात दारात उभा राहील."

"होत आलं की म्हणजे? कुकर आहेस का तू, शिट्टी होणार आणि आम्हाला कळणार?"

"अरे, जिभेला काही हाड?" स्वयंपाकघराच्या दारातून मावशी ओरडली.

पण आई हसली. हसली आणि खोकला उठला, आणि काडीला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली. तो तरातरा जिना उतरला, अर्ध्यातून परत आला, विसरलेल्या चपला घातल्या आणि जाता जाता दार आपटलं.

त्याला सगळी गल्ली काडी म्हणायची. अंगाने तसाच, आणि पेटायलाही तसाच. नववीत त्याने शाळा सोडली की शाळेने त्याला सोडलं, यावर घरात अजून एकमत नव्हतं. आता तो उस्तादांच्या दुकानात सोफे दुरुस्त करायचा. आई घरात त्याला बारक्या म्हणायची. तिच्या फुप्फुसात पाणी भरायचं. दोनदा काढलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी काढलं नाही, नुसतं काडीला बाहेर बोलावून म्हणाले, "घरीच ठेवा आता. जवळची माणसं जवळ असू द्या." तेव्हापासून आईची बहीण, म्हणजे मावशी, राहायला आली होती. राहिला दादा. आणि दादाला काहीही कळवायचं नाही, नुसता खोकला आहे म्हणायचं, अशी आईची शपथ होती.

हा अर्धा तास घरात आला त्या दिवशी काडी तेरा वर्षांचा होता. दादाला परदेशात एका पावाच्या कारखान्यात काम मिळालं होतं आणि आई त्याच्या बॅगेचा पट्टा हातात धरून खाटेवर बसली होती. रडत नव्हती, भांडत नव्हती. फक्त पट्टा सोडत नव्हती. खाली टॅक्सीवाला हॉर्न मारून मारून थकला. शेवटी दादा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिकीट तिच्या हातात दिलं.

"वाच. विमान सुटतं किती वाजता?"

आईने आकड्यावर बोट ठेवलं. "दहा."

"आणि उतरतं किती वाजता?"

"साडेदहा." तिने पुन्हा वाचलं. मग काडीला वाचायला लावलं. साडेदहाच होतं. "एवढंच? मग एवढं नाटक कशाला? मला बाजारातून यायला जास्त वेळ लागतो!"

तिने पट्टा सोडला. दादा बॅग घेऊन उतरला, त्याच्या नेहमीच्या सवयीने, दोन-दोन पायऱ्या एका टांगेत, हातातली किल्ली कठड्यावर खणखण वाजवत. वरून आई ओरडली, "एक-एक उतर, पडशील एक दिवस!" त्याचे जुने बूट दाराशीच राहिले, टाचेला लोखंडी नाल मारलेले. नवे घेतले होते ना.

त्या गल्लीत विमानात बसलेलं कुणीच नव्हतं. जिथे सगळ्यात वेगवान वस्तू म्हणजे दुधाची गाडी, तिथे कोण शंका काढणार? छापलेलं खोटं असतं का कुठे?

दुकानात काडीने एका थ्री-सीटरचं जुनं कापड ओरबाडायला घेतलं. पिना उपटायच्या असतात हळू, लाकूड न फाडता. हा दात काढल्यासारखा उपटत होता.

"काय रे काडी, सोफ्याने काय घोडं मारलंय तुझं?" उस्ताद दातांत सुई धरून म्हणाले.

"दादाने मारलंय. अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे आणि येत नाही."

"अर्ध्या तासावर कुठे?"

काडीने शहराचं नाव सांगितलं. उस्तादांनी तोंडातून सुई काढली. ते सुई काढायचे म्हणजे काहीतरी मोठं असायचं.

"अरे लेका, अर्ध्या तासात विमान वर चढून नीट सरळसुद्धा होत नाही."

"तिकिटावर छापलं होतं! या डोळ्यांनी बघितलंय मी! तुम्ही बसलायत का कधी विमानात?"

"नाही बसलो. म्हणून काय अक्कल गहाण टाकलीय? तो मोबाईल नुसता गाणी ऐकायला घेतलाय का? विचार की त्याला."

काडीने रागारागाने दोन्ही शहरांची नावं टाकली. पडद्यावर एक निळी रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये नुसतं पाणी आणि पाणी. खाली लिहिलं होतं, अंतर जवळजवळ नऊ हजार किलोमीटर. थेट विमानाने साडेदहा तास. त्याने नावं उलटी करून टाकली. तेवढंच.

"तिथे आत्ता किती वाजलेत बघ," उस्ताद आता हळू आवाजात म्हणाले.

इथे दुपारचे बारा. तिथे पहाटेचे दोन. दहा तासांचा फरक.

"झालं तर मग," उस्ताद म्हणाले. "सुटायची वेळ छापतात इथल्या घड्याळाची आणि उतरायची तिथल्या. मधले दहा तास कुणालाच दिसत नाहीत."

काडी त्या उघड्या सोफ्यावरच बसला, स्प्रिंगवर. टोचत होतं तरी उठला नाही. त्याला आठवलं, दिवसा कधीही फोन लावला की दादा झोपेतून उठायचा. आई म्हणायची, बिचाऱ्याच्या नशिबी कायमची रात्रपाळी. संध्याकाळी व्हिडिओवर यायचा तेव्हा मागे लख्ख उजेड. आई विचारायची, "तुझ्याकडे अजून ऊन?" आणि तो म्हणायचा, "कारखान्याचे दिवे गं." एकदा काडीने पाहिलं होतं, दादाच्या खांद्यावर खिडकीच्या गजांची सावली तिरकी पडली होती. दिव्याची सावली अशी पडत नाही. तेव्हाच डोक्यात खटकलं होतं. पण तेव्हा तो दादावर रागावलेला होता, आणि रागावलेल्या माणसाला खटकलेलं पुढे न्यायला फुरसत नसते. चार वर्षं. चार वर्षं त्याने दादाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

त्याने फोन लावला.

"काय रे?" दादाचा आवाज झोपेने जड झालेला. "आई बरी आहे ना?"

"अर्ध्या तासात ये."

पलीकडे दिव्याचं बटण खट्ट वाजलं.

"कळलं का? अर्धाच तास लागतो ना? निघ मग."

"तुला कुणी सांगितलं?"

"खोटारडा आहेस तू."

"मी खोटं नाही बोललो रे," दादा म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण पुढे तो चाचरत बोलला. "तिच्यासमोर वेळा ठेवल्या फक्त. ती पट्टा सोडत नव्हती, तू होतास ना तिथे. वाटलं, पोचलो की सांगू. पोचलो आणि पहिल्याच फोनवर म्हणाली, रात्री छान झोप लागली मला. आता सांग, काय सांगणार होतो मी? आणि येऊ म्हटलं तर दर वेळी म्हणायची, कशाला, अर्ध्या तासाचं काय एवढं, सुट्टी जपून ठेव."

मग काडीने त्याला खोकल्याबद्दलचं खरं सांगितलं. फुप्फुसातलं पाणी, डॉक्टर, सगळं.

"मला का नाही सांगितलं कुणी?" दादा ओरडला. "वेड्यांनो, मला का नाही सांगितलं?"

"कारण तू अर्ध्या तासावर होतास!" काडी त्याच्यापेक्षा जोरात ओरडला. शेजारच्या दुकानातला चावीवाला बाहेर येऊन बघायला लागला. उस्तादांनी त्याला हाताने आत जा म्हटलं.

दादा रडत होता. रडता रडताच त्याने सांगितलं, आज रात्रीच्या विमानात बसतो. त्याच्या रात्रीच्या. म्हणजे इथे उद्या सकाळी. उतरणार उद्या संध्याकाळी सातला.

काडी घरी आला तो ठरवूनच. आईला सगळं सांगून टाकायचं. तुझ्या लाडक्याने तुला चार वर्षं फसवलं, असंच म्हणायचं. स्वयंपाकघरात मावशीला आधी सांगितलं. मावशी चहाची गाळणी हातात घेऊन तशीच उभी राहिली, चहा उतू जाऊन विस्तव विझला तरी.

आई भिंतीला टेकून बसली होती. त्याच्याकडे बघून म्हणाली, "सकाळचा राग उतरला का? ये इकडे. बारक्या, त्याच्यावर चिडत नको जाऊ. लांब गेला असता तर वेगळं होतं. लांबच्याची वाट बघावी लागते. जवळच्याची काय वाट बघायची? तो असतोच."

काडीच्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती. ती तशीच गिळली. आयुष्यात पहिल्यांदा.

"उद्या येतोय तो," एवढंच म्हणाला. "सुट्टी मिळालीय म्हणे. मी नाही बोलावलं."

"बघितलंस?" आई मावशीला म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी?"

सकाळी तिचा श्वास बदलला. आवाज करवतीसारखा यायला लागला. खालच्या डॉक्टरांनी येऊन नाडी बघितली, काही न लिहिता गेले. साडेआठला काडीचा फोन थरथरला. दादाचा निरोप. 'बसलो. फोन बंद करतोय. तिला सांभाळ.'

"बसला का?" आईने डोळे न उघडता विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. संध्याकाळी बसेल, तू झोप, असं काहीतरी. पण काडीच्या तोंडून निघून गेलं, "हो."

मावशीने कपाळावर हात मारला, आवाज न करता.

"म्हणजे अर्धा तास," आई म्हणाली. अंगात नसलेलं बळ कुठून आणलं कोण जाणे. उशीचा अभ्रा बदलून घेतला, केस विंचरून घेतले, मावशीला म्हणाली वेणी घट्ट घाल, तो म्हणेल आजारी दिसतेस. आणि दाराकडे तोंड करून पडली.

अर्धा तास झाला. पाऊण झाला.

"किती वेळ?" आई म्हणाली.

काडीने विमानतळ कधी पाहिला नव्हता. पण तिथल्या खुर्च्या एकदा दुकानात आल्या होत्या, आणि त्या त्याने पालथ्या करून बघितल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर तो उभा राहिला.

"वरच फिरतंय विमान. उतरायला जागा नाहीये."

"रिक्षा स्टँड आहे का ते?"

"तसंच. पुढचं हललं की याचं उतरणार."

उस्तादांनी त्याला शिकवलं होतं, कापड कमी पडत असेल तर एकदम हिसका मारायचा नाही, फाटतं. मधे टाचायचं, मग कडेला थोडं थोडं ओढत न्यायचं. अगदी नखाएवढं. कोपरा सगळ्यात शेवटी. काडी दादाला तसा आणायला लागला. विमान फिरवलं, उतरवलं, पण जिना लावायला माणूसच येईना. जिना आला तर पुढे एक आजीबाई, त्यांचं गुडघ्याचं दुखणं. मग बॅग येईना.

"आता बसलाय खुर्चीवर. बॅगेची वाट बघतोय. निळी खुर्ची. मी शिवलेली असेल."

"मग टोचत असेल त्याला," आई म्हणाली. मावशी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. हसायला की कशाला, ते काडीने बघितलं नाही.

दुपार झाली. बॅग आली. ती दुसऱ्याचीच निघाली, ती परत दिली. टॅक्सी मिळाली. पुलावर ट्रक आडवा झाला होता. आईचं बोलणं आता दोन शब्दांवर आलं होतं. मधेच डोळा लागायचा, काडीला वाटायचं सुटलो, आणि ती पुन्हा विचारायची, "कुठवर?" तिचा हात त्याच्या हातात होता. पिनांनी सोललेल्या त्याच्या बोटांवरून तिचा अंगठा फिरत होता, न बघता, जुन्या सवयीने.

तीन वाजून गेले आणि काडीच्या हातातलं कापड संपलं. पूल उतरला, बाजार ओलांडला, गल्लीचं तोंड आलं. तिथे लाँड्रीवाल्याने दादाला गप्पा मारायला धरून ठेवलं होतं, तेही किती वेळ धरणार?

"लाँड्रीवाल्याला म्हणावं," आई एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाली, "मागून बोल." मग म्हणाली, "दार उघड."

काडीने दार उघडलं. जिना रिकामा होता. आई त्या रिकाम्या दाराकडे बघत होती आणि कान देत होती. कशाला ते काडीला कळलं. ती पायऱ्या ऐकत होती.

दाराशी दादाचे जुने बूट होते, धूळ खात पडलेले. काडीने ते उचलले, अनवाणी खाली उतरला, अगदी मांजरासारखा. खाली पायरीवर बसून बूट घातले. ते त्याला मोठे होते. नाडी दोनदा गुंडाळली. खिशातली दुकानाची किल्ली काढली. आणि चढायला लागला, दोन-दोन पायऱ्या एका टांगेत, नाल खाडखाड वाजवत, किल्ली कठड्यावर खणखणत. तसाच. दादासारखा. मधे एकदा धडपडला, पण दादाही धडपडायचा.

वर आला आणि दाराच्या अलीकडे भिंतीला चिकटून थांबला. पुढे जाता येईना. आत पाऊल टाकलं की तो पुन्हा बारक्याच होणार होता.

आतून मावशीचा आवाज आला, "आला बघ गं. आला तुझा." मग काहीच नाही. तो करवतीचा आवाजही नाही. काडी भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दुसऱ्याच्या बुटात, श्वास धरून. किती वेळ ते त्याला सांगता येणार नाही.

मावशी बाहेर आली. तिने काही सांगायची गरज नव्हती.

"पायऱ्या ऐकल्या तिने," मावशी म्हणाली. "हसली. म्हणाली, पडेल एक दिवस."

काडीने मान हलवली. दिवसभर तिचा हात त्याच्या हातात होता. एवढ्यापुरताच तो बाहेर होता.

"माझं काही म्हणाली?"

मावशीने त्याच्याकडे बघितलं, मग बुटांकडे. तिने ओठ उघडले. "म्हणाली ना, म्हणाली की माझ्या बारक्याला..."

"मावशी, नको." तो म्हणाला. "आता पुरे."

ती थांबली. मग त्याला जवळ ओढून घेतलं, आणि तो त्या माणसासारखा रडला ज्याला रडायची सवय नसते, शिंका आल्यासारखा, लाज वाटत.

चादर सारखी करून, शेजाऱ्यांना सांगून होईपर्यंत पाच वाजत आले. काडीने खिडकीतून वर पाहिलं. तिथे कुठेतरी, ढगांच्या वर, दादा पट्टा बांधून बसला होता. त्याचा फोन बंद. त्याला सांगणारं तिथे कुणीच नाही. खाली आई संपली होती, आणि वर दादाजवळ ती अजून होती, दाराकडे तोंड करून त्याची वाट बघत असलेली. जमिनीला चाकं टेकेपर्यंत असणार होती. काडीला त्याचा हेवा वाटला. आणि दया आली. चार वर्षं जपून ठेवलेला राग त्याने शोधला, तर तो कुठे सापडेना.

"तू बस तिच्याजवळ," मावशी म्हणाली. "उस्ताद जातील विमानतळावर. ते म्हणालेत."

"नाही. मीच जाणार."

"अरे, काय सांगशील त्याला?"

काडीने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं, की आई तुझ्या पायऱ्या ऐकून गेली. ते खरं होतं का? की मी तुझे बूट घालून जिना चढलो. ते सांगितलं तर दादा जगेल कसा? की तू वेळेवर पोचलास. बघ ना, आईपुरता तर तू पोचलासच, आणि मी...

"मावशी, मला माहीत नाही. बस सुटेल. मला निघायला हवं आता."